एक ना धड, भाराभर चिंध्या?



आपल्या मराठीतील काही म्हणी ऐकणाऱ्याच्या मनाला आयुष्यभर चिकटून राहतात. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही त्यांपैकीच एक. ही म्हण कोणाला ऐकवली जाते? ज्या मुलाने सहावीत कीबोर्डचा क्लास लावला आणि आठवीत सोडला, नववीत बुद्धिबळाचे वेड घेतले, दहावीच्या ऐन वर्षात जुनी नाणी जमवायला सुरुवात केली आणि आता तिशी ओलांडल्यावर जो मधमाश्या पाळायच्या म्हणतो, त्याला. माळ्यावर कीबोर्ड धूळ खात पडलेला असतो, नाणी खोक्यात असतात. आई म्हणते, "अरे, एक तरी गोष्ट धड पुरी कर." शेजारी त्याला 'धरसोड वृत्तीचा' म्हणून मोकळे होतात. लग्नाची बोलणी निघाली की हाच शब्द पुन्हा कानावर येतो.

याहून वाईट म्हणजे तो स्वतःही हेच म्हणू लागतो. धर्मगुरूंकडे बोलायला येणाऱ्या माणसांत असे स्त्री-पुरुष आम्हांला नेहमी भेटतात. "फादर, माझ्यात चिकाटीच नाही. मी आळशी आहे," असे ते सांगतात. प्रत्यक्षात ते आळशी नसतात. एखाद्या विषयाने झपाटले की ते रात्र रात्र जागतात. पण जे सोडून दिले त्याचीच त्यांना लाज वाटते आणि ही लाज त्यांना आपल्या स्वभावातले पाप वाटू लागते.

म्हणून हा प्रश्न नैतिक आहे आणि त्याचा नीट विचार व्हायला हवा. अनेक विषयांत रस घेणे, एक सोडून दुसऱ्याकडे वळणे, हा चारित्र्याचा दोष आहे काय? आणि ज्याच्या मेंदूची घडणच तशी आहे, त्याच्या आयुष्यात या अनेक आवडींचे मोल काय?

मेंदूची वेगळी घडण

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत 'न्यूरोडायव्हर्जंट' हा शब्द रूढ झाला आहे. ज्यांचा मेंदू बहुसंख्य लोकांच्या मेंदूपेक्षा वेगळ्या रीतीने चालतो, अशा व्यक्तींसाठी तो वापरतात. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, डिस्लेक्सिया आणि एडीएचडी ही त्याची परिचित उदाहरणे. आपल्या देशाच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत. त्यांत ऑटिझम आणि डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचा मात्र वेगळा उल्लेख नाही. ऑटिझम आणि एडीएचडी एकाच व्यक्तीत असू शकतात, हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३ साली मान्य केले. त्याआधी दोन्ही निदाने एकत्र देण्याची मुभा त्या पुस्तिकेत नव्हती.

एडीएचडी म्हणजे लक्षाचा अभाव, असा आपला समज असतो. तो पुरता खरा नाही. लक्ष असते, पण ते हवे तेव्हा हवे तिथे वळवणे आणि टिकवणे कठीण जाते. काम नवे असेल, आवडीचे असेल किंवा अगदी गळ्याशी आलेले असेल, तर हीच व्यक्ती तासन्‌तास जागची हलत नाही. नवेपणा संपला की तेच काम तिला डोंगर उचलण्याइतके जड होते. ऑटिझम असलेल्या व्यक्तींची आवड बहुधा फार खोल असते. कोणाची एकच आवड जन्मभर टिकते, तर कोणाच्या बाबतीत एकामागून एक अशा अनेक खोल आवडी येतात.

मुलींच्या बाबतीत हे बहुधा उशिरा लक्षात येते. ज्या मुलीला शाळेत फक्त 'स्वप्नाळू' म्हटले गेले, तिचे लग्न होते. शिवण, केक, कुंड्यांतली बाग असे एकेक सुरू होते आणि थांबते. सासरी टोमणे सुरू होतात. पुढे मुलाचे निदान होते तेव्हा डॉक्टरांचे प्रश्न ऐकताना तिच्या ध्यानात येते की, हे तर सारे आपल्यालाही लागू आहे.

या संदर्भात एक जुनी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी काही मुलांविषयी व्याख्याने दिली. या मुलांची बुद्धी चांगली होती, तरी ती एका गोष्टीवर टिकत नसत आणि स्वतःला आवरू शकत नसत. आज ही व्याख्याने एडीएचडीच्या इतिहासातील आरंभीच्या नोंदींपैकी एक मानली जातात. डॉ. स्टिल यांनी या अवस्थेला 'नैतिक संयमातील दोष' असे म्हटले होते. म्हणजे वैद्यकशास्त्रानेही सुरुवात 'नैतिक' या शब्दानेच केली. वैद्यकशास्त्र त्यापुढे गेले. आपल्या घरांतली भाषा मात्र अजून १९०२ सालातच आहे.

कोपनहेगनचा एक विद्यार्थी

आता त्याहून जुनी, ख्रिस्तसभेच्या इतिहासातली एक गोष्ट पाहू.

१६५९ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे निल्स स्टेन्सन नावाचा एकवीस वर्षांचा तरुण वैद्यकाचा अभ्यास करत होता. बाप सोनार. स्वीडनच्या सैन्याने शहराला वेढा घातला होता. त्या काळातली त्याची एक टिपणवही आजही फ्लॉरेन्सला जपून ठेवली आहे. ही वही 'केऑस', म्हणजे 'गोंधळ', या नावाने ओळखली जाते. नाव अगदी योग्य आहे. गणित, खगोलशास्त्र, रसायन, शरीररचना, जे हाती येईल ते वाचून त्याने त्यात उतरवले आहे. मधूनमधून तो स्वतःलाच फटकारतो. एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारण्याची ही पीडा दूर कर, माझे मन एकाच कामावर, फक्त वैद्यकावर स्थिर कर, अशी विनवणी तो देवाला करतो.

तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचे निदान चिकटवणे योग्य नाही आणि आम्ही ते करणार नाही. पण ही प्रार्थना आज आपल्यातल्या कित्येकांच्या ओठांवर आहे, एवढे नक्की.

ती प्रार्थना त्याने मागितली तशी पुरी झाली नाही. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमला त्याने गालातील लाळग्रंथीतून तोंडात येणारी नलिका शोधली. आजही डॉक्टर तिला त्याच्याच नावाने ओळखतात. मग हृदय हा एक स्नायू आहे, हे त्याने दाखवून दिले. मग मेंदूच्या रचनेवर पॅरिसला व्याख्यान दिले. तिथून तो इटलीत फ्लॉरेन्सला गेला. १६६६ साली लिव्होर्नो बंदराजवळ एक प्रचंड शार्क मासा पकडला गेला आणि टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने त्याचे डोके कापाकापीसाठी स्टेन्सनकडे पाठवले.

त्या माशाचे दात पाहताना त्याला दुसऱ्याच एका वस्तूची आठवण झाली. माल्टा बेटावर आणि इतरत्र खडकांत जिभेच्या आकाराचे दगड सापडत. कोणी म्हणे ते आकाशातून पडतात, कोणी म्हणे खडकातच उगवतात. माल्टाचे लोक त्यांचा संबंध संत पौलाला त्या बेटावर चावलेल्या सापाशी जोडत आणि विषावर उतारा म्हणून हे दगड विकले जात. हे दगड म्हणजे प्राचीन शार्क माशांचे दात, असे स्टेन्सनने १६६७ साली मांडले. ही शंका त्याच्याआधीही काहींनी व्यक्त केली होती. स्टेन्सनने पुढचा प्रश्न विचारला. एका घन पदार्थाच्या पोटात दुसरा घन पदार्थ गेला कसा? त्याच्या उत्तरातून १६६९ साली एक छोटे पुस्तक निघाले. गाळाचे थर आडवे साचतात आणि खालचा थर वरच्या थराआधीचा असतो, हा भूगर्भशास्त्राचा पाया त्या पुस्तकात आहे.

आता विचार करा. केवळ वैद्यक जाणणाऱ्याने खडकाकडे पाहिले नसते. केवळ खडक पाहणाऱ्याला शार्कचा जबडा आतून ठाऊक नसता. दोन्हीकडे फिरून आलेल्या माणसालाच ते साम्य दिसले. ज्याला तो आपली पीडा म्हणत होता, त्याच वाटेने हा शोध आला.

आणखी एक गोष्ट. ते १६६९चे पुस्तक ही एका मोठ्या ग्रंथाची केवळ प्रस्तावना होती. तो मोठा ग्रंथ स्टेन्सनने कधीच लिहिला नाही. शाळेच्या भाषेत बोलायचे तर गृहपाठ अपुराच राहिला.

दरम्यान, १६६७ साली लुथरन पंथात वाढलेल्या स्टेन्सनने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. १६७५ साली ते धर्मगुरू झाले, १६७७ साली बिशप झाले आणि उत्तर जर्मनीत, मूठभर कॅथलिकांमध्ये सेवा करू लागले. विज्ञान मागे पडले. तत्त्वज्ञ लायब्निझ यांना त्याची फार हळहळ वाटली. पण या नव्या कामात स्टेन्सन मागे हटले नाहीत. अत्यंत साधेपणाने राहून त्यांनी गरिबांसाठी आपली बिशपपदाची अंगठी आणि क्रूसही विकला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १६८६ साली अठ्ठेचाळीसाव्या वर्षी ते मरण पावले. १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना 'धन्यवादित' घोषित केले, म्हणजे ते संतपदाच्या एक पायरी अलीकडे आहेत.

संत थॉमस काय म्हणतात?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे दोन शब्द सर्वांना पाठ करावे लागतात. एक 'स्टुडिओसितास', म्हणजे ज्ञानाची योग्य ओढ. हा सद्गुण आहे. दुसरा 'क्युरिओसितास', म्हणजे भरकटलेले कुतूहल. हा दुर्गुण आहे. वरवर पाहिले तर वाटेल, झाले! एका विषयाला धरून राहणारा सद्गुणी आणि दहा विषयांत डोकावणारा दुर्गुणी.

पण संत थॉमस तसे म्हणत नाहीत. ज्ञानाची ओढ कधी बिघडते, हे सांगताना ते विषयांची संख्या मोजत नाहीत. कमी उपयोगाच्या अभ्यासामुळे माणूस आपल्यावर सोपवलेल्या कर्तव्यापासून दूर गेला, तर तो दोष, असे ते आरंभीच सांगतात. उदाहरण म्हणून संत जेरोम यांची एक तक्रारही ते देतात. ती शुभवर्तमान बाजूला ठेवून नाटके वाचत बसणाऱ्या धर्मगुरूंबद्दल आहे! म्हणजे हा दाखला प्रथम आम्हां धर्मगुरूंनाच लागू होतो. गर्वासाठी मिळवलेले ज्ञान, वाईट मार्गाने मिळवलेले ज्ञान यांचाही ते समाचार घेतात. पण वनस्पती पाहणारा पक्षी का पाहतो, असे ते कुठेही विचारत नाहीत. विचारतील तरी कसे? त्यांचे स्वतःचे गुरू, संत आल्बर्ट, वनस्पती, प्राणी, खनिजे आणि धर्मशास्त्र या साऱ्यांवर लिहीत होते. त्याच आल्बर्टना १९४१ साली ख्रिस्तसभेने निसर्गविज्ञानाच्या अभ्यासकांचे आश्रयदाते संत म्हणून नेमले.

छंद सोडणे आणि शब्द मोडणे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आम्हांला वाटते की आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. छंद सोडणे आणि शब्द मोडणे या त्या दोन गोष्टी.

मी दोन वर्षे तबला शिकलो आणि थांबलो, तर कोणाचे काय बुडाले? तबल्याला मी वचन दिले नव्हते. पण गायनवृंदाला 'नाताळच्या मिस्सेला तबला मी वाजवीन' असे सांगितले आणि आयत्या वेळी गेलो नाही, तर मात्र बारा माणसांचा भरवसा मोडला. पहिल्या गोष्टीत नैतिक दोष नाही, दुसरीत आहे. घरात मात्र दोन्हींना एकच शब्द वापरला जातो, 'धरसोड'. मग ज्याला सुधारायचे असते, तो भलतीच गोष्ट सुधारायला जातो. तो आवडी दाबून टाकतो. शब्द पाळायला मात्र त्याला कोणीच शिकवत नाही.

आवड दाबल्याने चिकाटी येते काय? ज्या मनाला आवडीशिवाय चालनाच मिळत नाही, त्याच्याकडून आवडी काढून घेणे म्हणजे गाडीचे इंजिन काढून ती वेगाने ढकलायला सांगण्यासारखे आहे. ते मन शहाणे होत नाही, फक्त विझते.

शिवाय सोडलेला छंद खरोखर वाया जातो काय? तबला सोडलेला माणूस वादक झाला नसेल, पण त्याचा कान तयार झाला. गाणे तो जन्मभर वेगळ्या रीतीने ऐकतो. ज्याने दोन पावसाळे वाफे राखले, त्याला भाजीवालीच्या टोपलीमागची मेहनत कळते. असा माणूस सुताराशी बोलू शकतो, मासळी विकणाऱ्या मावशींशी बोलू शकतो, संगणक दुरुस्त करणाऱ्याशीही बोलू शकतो, कारण प्रत्येकाच्या कामाचा थोडासा अनुभव त्याच्या हाताला आहे. आणि चिंध्यांचे म्हणाल, तर आपल्या आज्या त्या फेकून देत नसत, त्यांची गोधडी शिवत. मात्र गोधडीला दोरा लागतो. अनेक आवडींच्या माणसाच्या आयुष्यात तो दोरा म्हणजे त्याने पाळलेला शब्द.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, प्रभू येशूने बुरूज बांधायला निघालेल्या आणि तो पुरा न करू शकलेल्या माणसाचा दृष्टांत दिला आहे, त्याचे काय? तो दृष्टांत शिष्यत्वाबद्दल आहे, म्हणजे आयुष्याच्या वचनाबद्दल आहे. खर्चाचा हिशेब वचन देण्याआधी करा, असे तो सांगतो. विवाह, मुलांचे संगोपन, आजारी आईवडिलांची सेवा ही ती वचने. तेथे 'माझा मेंदू वेगळा आहे' हे कारण कठिणाई समजावून देते, पण जबाबदारीतून मोकळे करत नाही. त्या जबाबदारीसाठी मदत घ्यावी लागते. आठवणीसाठी वही, घरच्यांची साथ, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला आणि औषध. मधुमेहाची गोळी घेताना आपण लाजत नाही, मग येथे तरी का लाजावे?

दुसरा आक्षेप पैशाचा. तो खरा आहे. प्रत्येक नव्या आवडीला महागडे सामान घेऊन हप्ते बायकोच्या पगारातून फेडायचे, हा अन्याय आहे. येथे छंदाने शब्द मोडलेला असतो. रात्र रात्र जागरण करून दुसऱ्या दिवशी घरच्यांवर चिडणे हेही तसेच. मोबाईलवर बोट सरकवत घालवलेले चार तास तर छंदही नव्हेत. छंदाने मन भरते, त्या चार तासांनी ते रिकामे होते. हा फरक ज्याचा त्याला बरोबर कळतो.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून नव्हे, सावधगिरी म्हणून सांगतो. स्टेन्सनची गोष्ट ऐकून कोणी आपल्या मुलाकडून शोधांची अपेक्षा करू नये. 'वेगळा मेंदू म्हणजे अलौकिक बुद्धी' ही समजूतही एक ओझेच आहे. बहुतेकांच्या आवडींतून काहीही जगप्रसिद्ध निघणार नाही. निघायला हवे असेही नाही. देवाने निर्माण केलेल्या जगाकडे एका माणसाने दहा खिडक्यांतून आनंदाने पाहिले, हे पुरेसे आहे.

घरात आणि धर्मग्रामात

मग करायचे काय? काही साध्या गोष्टी सुचवतो.

ज्यांना अनेक आवडी आहेत त्यांनी नवा छंद उसन्या किंवा भाड्याच्या सामानावर सुरू करावा. तीन महिन्यांनी ओढ टिकली तर विकत घ्यावे. सोडलेल्या छंदाचे सामान घाईने विकू नये, कारण काही आवडी वर्षांनी परत येतात. आणि दिलेल्या शब्दांची एक वेगळी वही ठेवावी. तिच्यात थोडेच लिहावे, पण लिहिलेले पाळावे. पाळता येणार नाही असे दिसताच, आयत्या वेळेची वाट न पाहता समोरच्याला कळवावे. वेळेवर सांगितलेला नकार हाही शब्द पाळण्याचाच एक प्रकार आहे.

आईवडिलांनी 'किती दिवस टिकणार?' हा पहिला प्रश्न विचारू नये. 'यात तुला काय आवडले?' हा विचारावा. मुलाला न आवडणारे काम पुरे करायला लावायचेच असेल, तर ते घरातले काम असावे. रोज पाणी भरणे, आजीला औषध देणे. त्यातून त्याला जबाबदारी कळेल. छंदाला त्या कामाला जुंपू नये.

आणि आपण धर्मग्राम म्हणून? आपण माणसांना बहुधा वर्षभराच्या जबाबदाऱ्या देतो आणि वर्ष पुरे न करणाऱ्याला पुन्हा बोलावत नाही. त्यामुळे किती हात आपण गमावले असतील! नाताळचा गोठा उभारणे पंधरा दिवसांचे काम आहे. सणासाठी फलक रंगवणे आठ दिवसांचे, जुन्या छायाचित्रांची नोंद करणे महिन्याचे, बिघडलेला माईक दुरुस्त करणे एका संध्याकाळचे. आरंभ आणि शेवट ठरलेली अशी कामे दिली, तर आज 'धरसोड' म्हणून मागे राहिलेले कित्येक जण पुढे येतील आणि काम पुरेही करतील.

धर्मग्राम परिषदेच्या पुढच्या बैठकीत अशा छोट्या कामांची यादी करायची, असे आम्ही ठरवले आहे. ज्यांना ज्यात रस आहे, होता किंवा नव्याने निर्माण झाला आहे, त्यांनी मिस्सेनंतर नाव द्यावे. मागे काय काय अर्धवट राहिले, हे कोणीही विचारणार नाही.

प्रभूचा आशीर्वाद आपणां सर्वांवर असो.

– आपले धर्मगुरू